नाल्याकाठच्या पालकाला नावं ठेवण्याआधी त्याच्या मातीतलं कॅडमियम तर मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर उन्हाळ्यात नागपुरात एक व्हिडिओ फिरतोच. नाल्यात पाईप सोडलेला, काठावर मोटर सुरू, बाजूला हिरवागार पालक, आणि खाली लिहिलेलं की बघा, हे विष तुमच्या ताटात येतंय. मग दोन-चार दिवस कॉटन मार्केटपासून गल्लीतल्या गुजरीपर्यंत पालक, मेथी, सांबाराच्या (म्हणजे कोथिंबिरीच्या) जुड्या सुकत पडतात, ज्याच्या वाडीत स्वतःची विहीर आहे त्याचाही माल कोणी हातात घेत नाही, आणि पुढच्या आठवड्यात सगळं परत जसंच्या तसं, ना त्या मातीची तपासणी होते ना त्या पाण्याची. मी शहराच्या पूर्वेला एक छोटं कृषी केंद्र चालवतो, बियाणं, खतं, औषधं. माझ्याकडे येणारे बरेचसे लोक अर्ध्या-एक एकरात पालेभाजी काढणारे आहेत आणि त्यातल्या काहींना शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या नाग नदीच्या पाण्याशिवाय दुसरं पाणीच नाही. त्यांचीही बाजू मांडायची आहे आणि ती भाजी विकत घेणाऱ्यांचीही, कारण माझ्याही घरी तीच भाजी शिजते आणि घरात लहान लेकरं आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी झिंक सल्फेट विकतो, सिलिकॉनच्या बाटल्याही दुकानात आहेत, तेव्हा खाली या दोन्हींबद्दल जे लिहिलंय ते वाचताना हे ध्यानात असू द्या. आणि म्हणूनच आधी माती मोजा असं म्हणतोय, कारण मोजणी झाली तर माझ्या दुकानातल्या काही पिशव्या काही शेतकऱ्यांना घ्यायची गरजच उरणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

आधी विष म्हणजे नेमकं काय ते बोलू. नाल्याच्या पाण्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात आणि व्हिडिओवाले त्या एकत्र कालवून टाकतात. एक म्हणजे जंतू, हगवणीचे, कावीळीचे, पोटातल्या जंतांचे. भाजी स्वच्छ धुऊन नीट शिजवली की त्यांची भीती जवळपास संपते, कच्चा सांबार, मुळा, गाजर खाताना मात्र सांभाळायला पाहिजे. दुसरे म्हणजे जड धातू, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल. हे शिजवून जात नाहीत, तळून जात नाहीत. त्यातही शिसं आणि कॅडमियम सारखं वागत नाही. शिसं मातीला घट्ट चिकटून बसतं, मुळातून वर फारसं चढत नाही, पालेभाजीत जे सापडतं ते पुष्कळदा पानावर बसलेल्या धुळीतून नाहीतर चिखलाच्या शिंतोड्यातून आलेलं असतं, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुतलं की बरंच कमी होतं. कॅडमियमचं तसं नाही. ते मुळातून सरळ पानात जातं, पालक ते ओढून घेण्यात भारी पटाईत, आणि एकदा पानाच्या आत गेलं की कितीही धुवा, काही उपयोग नाही. आणि झाडाकडे बघून कळतही नाही, माणसाला घातक होईल इतकं साठलं तरी पान हिरवंगार आणि टवटवीत दिसू शकतं. मग शेतकऱ्याला कळणार कसं आणि गिऱ्हाइकाला तरी कसं?

शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात साठत जातं आणि ते निम्म्यावर यायलाच १० ते ३० वर्षं लागतात. जपानमध्ये तोयामा भागात जिन्झू नदीला वरच्या खाणीचं पाणी मिळायचं, तेच पाणी खाली भाताला जायचं, आणि तिथल्या बायकांची, विशेष करून बाळंतपणं झालेल्या पोक्त बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की अंग हलवलं तरी कळा यायच्या. इताई-इताई म्हणतात त्या रोगाला, १९६८ मध्ये तिथल्या सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. नागपुरात तसं काही आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. तिथे खाणीचं पाणी होतं, आपल्याकडे मुख्यतः घराघरातलं सांडपाणी आहे आणि त्यात धातूंचं प्रमाण त्या मानाने पुष्कळ कमी असतं. पण वर्षानुवर्षं तेच पाणी त्याच वावरात गेलं की माती साठवत राहते, धातूला कुजणं नाही की उडून जाणं नाही. शिवाय एक गोष्ट मला फार खटकते. रक्तात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त शोषून घेतं, हे डॉक्टर लोकांना माहीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी निघालं. म्हणजे जी बाई रक्त वाढावं म्हणून स्वस्तातली पालकाची जुडी घेते, तिच्याच अंगात हे सगळ्यात सहज शिरणार. तिला पालक खाऊ नको म्हणून सांगायचं का? मला ते पटत नाही, तिच्या हातातली जुडीच चांगली असायला पाहिजे. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाप्रमाणे पालेभाजीत किलोमागे कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम आणि शिसं ०.३ मिलिग्रॅमच्या वर जायला नको. एवढा साधा आकडा आहे, पण आपल्या गुजरीत येणारी जुडी त्याच्या आत आहे की बाहेर हे ना विकणाऱ्याला सांगता येत ना घेणाऱ्याला.

आता आपल्या मातीचं. इथे नागपूरकरांनी थोडा धीर धरावा असं कारण आहे. आपली भारी काळी जमीन चिकणमातीची, खाली चुनखडी, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, म्हणजे आंबट नाही. अशा मातीत कॅडमियम, शिसं बऱ्यापैकी बांधून राहतं, आंबट जमिनीत ते सुटं होतं. म्हणूनच मोबाईलवर जो सल्ला मिळतो ना, की वावरात चुना टाका म्हणजे जड धातू बांधले जातील, तो खोटा नाही पण तो आंबट जमिनीचा सल्ला आहे, कोकणात चालेल, पूर्व विदर्भातल्या काही लाल जमिनीत चालेल. आपल्या चुनखडीच्या जमिनीत अजून चुना टाकून मिळणार काय? उलट आधीच चुन्यापायी झिंक आणि लोह अडकून पडलेलं असतं ते अजून अडकेल, पीक पिवळं पडेल, आणि खरी गोम तर पुढेच आहे, की झिंक कमी पडलं म्हणजेच कॅडमियमला रान मोकळं मिळतं.

हे कसं होतं ते जरा सविस्तर सांगतो कारण सगळा उपाय यावरच उभा आहे. झिंक आणि कॅडमियम रसायनशास्त्राच्या तक्त्यात एकाच उभ्या रांगेत, एकाखाली एक. दोघांवर सारखाच भार, वागणं बरंचसं सारखं. झाडाला झिंक लागतं, कॅडमियम मुळीच लागत नाही, पण मुळाच्या बाहेरच्या कातडीवर झिंक, लोह, मॅंगनीज आत घेणारी जी प्रथिनं असतात त्यांना फरक नीट ओळखता येत नाही, ती कॅडमियमलाही आत घेतात. आणि जमिनीत झिंक किंवा लोह कमी पडलं की मूळ ही प्रथिनं वाढवतं, भुकेल्यासारखं जे मिळेल ते ओढतं. एसटीत कोणी आधी रुमाल टाकून सीट धरून ठेवली की मागून येणाऱ्याला उभंच राहावं लागतं, तसंच झिंक पुरेसं असलं की कॅडमियमला जागा कमी मिळते. हे नुसतं पुस्तकातलं नाही. ऑस्ट्रेलियात झिंकची कमतरता असलेल्या जमिनीत गव्हाला थोडंसं झिंक दिलं तर दाण्यातलं कॅडमियम काही ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरलं, हे १९९० च्या दशकात छापून आलेलं आहे. आणि आपल्याकडे झिंक काही नवीन नाही, काटोल-वरुडचे संत्रावाले पान बारीक आणि चट्ट्यापट्ट्याचं दिसलं की झिंकचीच फवारणी करतात, किती वर्षांपासून करतात. पालेभाजीवाला मात्र युरिया आणि डीएपीच्या पुढे जात नाही, कारण पालक तीस-पस्तीस दिवसांत काढायचा, झिंकवर खर्च कोण करतो.

डीएपीचीही एक भानगड आहे. त्या खतात स्फुरद (फॉस्फरस) असतं, आणि स्फुरद जास्त झालं की झिंक अजून अडतं. त्यात ज्या खडकापासून स्फुरदाची खतं बनतात त्यात कमी-जास्त कॅडमियम असतंच, युरोपने २०२२ पासून स्फुरदाच्या (P2O5 धरून) किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादाच घातली आहे. म्हणजे विहिरीच्या पाण्याची भाजी आहे म्हणून अगदी निर्धास्त राहावं असंही नाही. आणि पोटॅशमध्ये जे स्वस्त लाल पोटॅश येतं त्यात क्लोराईड असतं, ते मातीला चिकटलेल्या कॅडमियमला धरून पाण्यात सुटं करतं आणि मूळ ते सहज घेतं. नाल्याच्या पाण्यात आधीच मीठ जास्त, वरून हे पोटॅश. सल्फेटवालं पोटॅश महाग आहे हे मान्य, पण नाल्याकाठच्या पालेभाजीला पोटॅश द्यायचंच असेल तर मी तेच घ्या म्हणतो.

पण झिंक म्हणजे रामबाण असंही समजू नका. शिफारस साधारण हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेटची, एकरी १० किलो, आणि तेही दोन-तीन वर्षांतून एकदा, दर पिकाला नाही. शेणखतात मिसळून द्यायचं, डीएपीत नाही, नाहीतर दोन्ही वाया. आणि मुख्य म्हणजे जिथे वर्षानुवर्षं सांडपाणी जातंय तिथल्या मातीत बऱ्याचदा झिंक आधीच भरपूर असतं, पाण्यासोबतच आलेलं. तिथे अजून झिंक टाकून कॅडमियम कमी होणार नाही, उलट जमिनीत आणखी एका धातूची भर. मग शेतकरी मला विचारतो की टाकू का नको, आणि मी दुकानात उभं राहून काय सांगणार, मातीचा रिपोर्ट असेल तर सांगणार ना! अजून एक, दुकानदार म्हणून सांगतो, फार स्वस्त झिंक घेऊ नका. खत नियंत्रण आदेशात झिंक सल्फेटमध्ये शिसं आणि कॅडमियम किती चालेल याची मर्यादा घालून दिलेली आहे, ती काही उगाच नाही, वाईट मालातून हे दोन्ही येऊ शकतात. पक्कं बिल घ्या, पिशवीवरचा लॉट नंबर बघा.

दुसरा उपाय सिलिकॉनचा, आणि इथे विदर्भाचं नशीब खरंच चांगलं आहे. सिलिकॉन झाडाला अत्यावश्यक मानत नाहीत पण उपकारक नक्की. मातीत ते ढीगभर असतं, वाळू म्हणजे तेच, पण मुळाला घेता येईल असं विरघळलेलं फार थोडं. झाडात गेलं की ते मुळाच्या आतल्या थरात, पेशींच्या भिंतीत जमा होतं, भिंत घट्ट होते आणि भिंतीभिंतीतून वर सरकणारा धातू मुळातच अडतो, पानापर्यंत कमी पोचतो. धातूचा ताण आला की झाडाची जी आतली झीज होते तीही कमी होते. सगळ्या पिकांना सारखा फायदा नाही हे मात्र सांगितलं पाहिजे. धान, गहू, मका, ऊस सिलिकॉन भरभरून घेतात, भाज्यांमध्ये काकडी-कोहळ्याच्या वेली बऱ्यापैकी घेतात, टमाटर फार थोडं घेतं. तेव्हा बाटलीवर लिहिलेलं असतं की सर्व भाजीपाल्यातील विषारी धातू दूर करते, ते तसं सरसकट खरं नाही, आणि मी असल्या बाटल्या विकायला नाही म्हणतो.

विदर्भाचं नशीब म्हटलं ते भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमुळे. धानाचा तूस जाळला की वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी राख उरते आणि त्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असतं. ही राख मिलमागे डोंगरासारखी पडलेली असते. पण सगळी राख सारखी नाही, हे हातात घेऊन बघितलं की कळतं. कमी आंचेवर जळालेली राख काळपट-करडी असते, बोटांत चोळली की मऊ भुकटी होते, तिच्यातलं सिलिका हळूहळू विरघळतं आणि झाडाला मिळतं. फार कडक भट्टीत जळालेली पांढुरकी, कधी गुलाबीसर दिसते, बोटांना बारीक कच लागते, तिच्यातलं सिलिका स्फटिक झालेलं असतं, ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. तिच्यामागे ट्रॉलीचं भाडं घालवू नका. राख अल्कधर्मी असते, आपली जमीनही तशीच, म्हणून किती टाकायची, शेणखतासोबत किती, याचा आकडा नागपूरच्या काळ्या जमिनीवर प्रयोग करूनच ठरला पाहिजे. दुसऱ्या राज्यातला आकडा उचलून इथे चालणार नाही.

आणि कृपा करून तुसाची राख आणि वीज केंद्राची राख एक समजू नका. कोराडी-खापरखेड्याकडे राखेचे तलाव आहेत, फुकट मिळते म्हणून लोक शेतात टाकायला बघतात, तिच्यातही सिलिका आहे हे खरं. पण कोळशातले धातूही त्याच राखेत जमा झालेले असतात. ज्या वावरात आपल्याला धातू कमी करायचे आहेत तिथे ती राख पालेभाजीत नको म्हणजे नको, तपासल्याशिवाय तर अजिबात नको.

तिसरं नाव हल्ली ऐकू येतं ते सेलेनियमचं. ते झाडात थोडं गेलं तर कॅडमियम आणि पाऱ्याचा त्रास कमी होतो असे प्रयोग आहेत, हे मी नाकारत नाही. फिनलंडमध्ये तर १९८४ पासून खतातच सेलेनियम मिसळतात, पण ते तिथल्या जमिनीत फारच कमी होतं म्हणून, आणि सरकार दरवर्षी मोजमाप ठेवतं. आपल्याकडे बुलढाण्यात शेगावच्या आसपासच्या गावांत २०२४ संपता संपता लोकांचे केस गळून टकलं पडायला लागली, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं, ते वाचकांना आठवत असेल. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. माणसाला दिवसाला लागतं ५५ मायक्रोग्रॅम आणि ४०० च्या वर गेलं की धोका, म्हणजे औषध आणि विष यात फार अंतर नाही. त्यात आपल्या अल्कधर्मी जमिनीत सेलेनियम अजून सहज विरघळतं आणि झाडाला जास्त मिळतं. तेव्हा भाजीवर सेलेनियम मारायची घाई कोणी करू नये, माझ्या दुकानात ते मिळणार नाही.

पीक बदललं तरी पुष्कळ फरक पडतो, यावर जास्त लिहीत नाही कारण शेतकऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरतं. पान खायची भाजी सगळ्यात जास्त ओढते, फळभाजी कमी, शेंगा त्याहून कमी. ज्या वाफ्यात पाणी शंकेचं आहे तिथे पालकाऐवजी बरबटी (चवळीच्या शेंगा), भेंडी, वांगी, दोडके लावा आणि पालक-मेथी-सांबार विहिरीच्या पाण्यावर न्या. पण यात पैशाचं गणित आहे. पालक महिन्याभरात पैसे देतो, बरबटीला वेळ लागतो, आणि ज्याच्याकडे विहीरच नाही त्याने पालक न्यायचा कुठे? एका म्हाताऱ्या भाजीवाल्याने मला दुकानात विचारलं होतं, "भाऊ, हे पानी बंद करा म्हनते सारे, दुसरं पानी कोन देईन?" मला उत्तर देता आलं नाही. शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिलं जातं, चांगली गोष्ट आहे, तेवढं धरणाचं पाणी वाचतं. पण त्या शुद्ध पाण्यातला थोडासा वाटा नदीकाठच्या भाजीवाल्याला देता येईल का, हा प्रश्न कधी कोणी महापालिकेत मांडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. झिंक आणि सिलिकॉनने पाणी शुद्ध होत नाही, मातीत येणारा धातू थांबत नाही, फक्त पानात चढणं कमी होतं. नदी साफ व्हायची तेव्हा होईल, त्याचं काम चालूच राहिलं पाहिजे, तोपर्यंत दररोज कापल्या जाणाऱ्या पालकाचं काय, एवढ्यासाठी हा उपाय.

आता मुख्य मागणी, ज्याच्यासाठी एवढं लांबलचक लिहिलं. मृदा आरोग्य कार्ड २०१५ पासून मिळतंय. त्यात १२ घटक असतात, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, झिंक, लोह, तांबं, मॅंगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅडमियम आणि शिसं त्यात नाही. पण गंमत बघा, झिंकची तपासणी कशी करतात? १० ग्रॅम माती, त्यात मातीतले धातू सोडवून घेणारं २० मिलिलिटर डीटीपीए या रसायनाचं द्रावण, दोन तास हलवायचं, गाळायचं, आणि जे स्वच्छ पाणी खाली उतरतं ते धातू मोजणाऱ्या मशीनला लावायचं. त्याच गाळलेल्या पाण्यात झाडाला मिळू शकणारं कॅडमियम आणि शिसंही उतरलेलं असतं! वेगळा नमुना नको, वेगळं द्रावण नको. मशीनमध्ये झिंकच्या दिव्याच्या जागी कॅडमियमचा दिवा लावायचा आणि तेच पाणी परत द्यायचं. कॅडमियम फार थोडं असतं म्हणून मशीन काळजीने लावावं लागतं, मोजणारा माणूस हुशार पाहिजे, दिवा आणि प्रमाण द्रावण विकत घ्यावं लागेल, हे सगळं मान्य. तरी हे काही अशक्य काम नाही. सगळ्या जिल्ह्यात करा असं मी म्हणतच नाही, कापूस-सोयाबीनवाल्याला याची गरज नाही. नाग नदी, पिवळी नदी आणि पुढे कन्हानला मिळेपर्यंतच्या पट्ट्यात जिथे भाजी होते तेवढ्याच वावरांचं करा.

आणि हे नागपुरात होत नसेल तर कुठे होणार? नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, इथे १९५८ पासून आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोचं मुख्यालय इथे अमरावती रोडवर, देशभरची माती ज्यांनी नकाशावर आणली ती माणसं. महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं. तिथली पोरं दरवर्षी प्रबंधासाठी विषय शोधत असतात, एखाद्याने नदीकाठच्या एका वाडीत चार वाफे घेतले, एकात काही नाही, एकात झिंक, एकात तुसाची राख आणि शेणखत, एकात दोन्ही, आणि पालक कापून त्यातलं कॅडमियम मोजलं, तर दोन हंगामांत आपल्याला आपला आकडा मिळेल. मग मी दुकानात उभा राहून छातीठोकपणे सांगू शकेन की भाऊ, तुझ्या मातीत झिंक अर्ध्या पीपीएमवर (किलोमागे अर्धा मिलिग्रॅम) आहे, ०.६ च्या खाली, म्हणजे कमी, तू टाक, आणि दुसऱ्याला सांगीन की तुझ्या मातीत भरपूर आहे, तू पैसे वाचव, राख आण. आज दोघांनाही एकच पिशवी जाते.

शहरी कचऱ्याच्या कंपोस्टचंही याच्यासोबत बघा. त्याला नियम आहेत, किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या वर नको. कंपोस्ट चांगलं असलं तर त्यातला सेंद्रिय भाग धातू बांधूनच ठेवतो, ते हवंच आहे. पण पिशवीसोबत तपासणीचा कागद मागा, कागद नसेल तर पालेभाजीत टाकू नका.

शेतकऱ्यांना भीती अशी आहे की एकदा तपासणी झाली आणि आकडा जास्त निघाला की नाव छापून येईल, माल विकणं बंद होईल, जमिनीची किंमत पडेल. ही भीती खोटी नाही. म्हणून माझी आपल्यालाही विनंती आहे, संपादक साहेब, की अशी तपासणी कधी झाली तर शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर छापू नका, पट्ट्याचा आकडा छापा आणि त्यासोबत काय करायचं तेही छापा. आणि तपासणी करणाऱ्यांनी रिपोर्ट आधी त्या शेतकऱ्याच्या हातात द्यावा, त्याला समजेल अशा मराठीत, झिंक टाकायचं की नाही, पीक बदलायचं का, पाण्याचं काय, एवढं लिहून. नुसतं तांबड्या शाईत अयोग्य लिहिलं तर पुढच्या वेळी कोणी नमुना देणार नाही.

नमुने घ्यायला पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आसपासचे दिवस बरे, पालक-मेथीची रब्बीची पेरणी व्हायच्या आधी वाफे रिकामे असतात आणि वापसाही असतो. माझ्या दुकानात नमुन्याच्या कापडी पिशव्या ठेवायला, चिठ्ठ्या भरून द्यायला आणि आठवड्यातून एकदा प्रयोगशाळेत नेऊन द्यायला मी तयार आहे, त्याचे पैसे कोणाकडून घेणार नाही. कॅडमियमची तपासणी कोणती प्रयोगशाळा घेईल आणि नमुन्यामागे फी किती, एवढं कृषी खात्याने याच सदरात उत्तर म्हणून कळवावं.

आपला,
एक कृषी केंद्र चालक,
पूर्व नागपूर